पास्कूच्या मयताचं प्रवचन

गोड बोलणाऱ्या माणसाची मला पहिल्यापासून शिसारी आहे. कडू बोलणारा परवडला, निदान तो आपल्याकडे बघून बोलतो. गोड बोलणाऱ्याचं सगळं लक्ष स्वतःच्याच आवाजाकडे. तर अशा एका गोड बोलण्याने आमच्या पास्कूची मेल्यावर कशी माती केली ते सांगतो. मध्येच शिवी आली तर खपवून घ्या, सत्तरीला आलेल्या माणसाची जीभ आता काय सुधारणार.

पास्कू म्हणजे पास्कल. ख्रिश्चन, पण इथलाच मूळचा, ईस्ट इंडियन. आम्ही कोकणातून बोटीने आलो, हा त्याच्याही आधीपासून इथे. परळच्या आमच्याच चाळीत, जिन्याशेजारची खोली त्याची. बोलायचा मराठी, बाजारात मासळीचा डोळा बघून ताजी-शिळी सांगायचा, आणि गणपतीत आमच्या आरतीला क्लॅरिनेट वाजवायचा. नाताळात त्याच्याकडे आम्ही जायचो, मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या प्रार्थनेला, मागच्या बाकावर बसायचो, मग त्याची बायको इसाबाई फुगिया तळायची त्या खायला. ह्याला कुणी मोठं नाव द्यायला जाऊ नये. शेजारी होता, एवढंच.

गिरणीत त्याचे साचे माझ्या साच्यांना लागून. कापड विणायच्या यंत्राला आम्ही साचा म्हणतो. एकेका माणसाकडे चार-चार, आणि धावत धावत सगळ्यांवर नजर ठेवायची. आवाज असा, की साचेवाला म्हातारपणी अर्धा बहिरा होतो. आम्ही बोलायचो ओठांनी. समोरच्याचे ओठ बघायचे आणि कळायचं. पास्कूने ओठांनी मला केवढे तरी विनोद सांगितलेत, आणि मी हसलो म्हणून मुकादमाच्या शिव्या खाल्ल्यात. हा मात्र मिश्या फेंदारून साळसूद उभा.

मग संप झाला. बाकीच्या जगाला त्याची आता गोष्ट झाली आहे, आम्हाला तो अजून पोटात दुखतो. जे शेवटपर्यंत आत गेले नाहीत त्यांतला पास्कू एक. रोज सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला तो गिरणीच्या गेटसमोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहायचा. पोलिसांच्या गाडीतून कोण आत जातंय ते बघायचा, आणि आपण बाहेर आहोत हे सगळ्यांना दिसू द्यायचा. पाऊस असो, ताप असो. इसाबाई माहीमची, माहेर कोळीवाड्याला लागून. तिने डोक्यावर पाटी घेतली आणि मासळी विकायला लागली. संध्याकाळी पाटीत जे उरायचं, मांदेली म्हणा, बोंबील म्हणा, ते चाळीत वाटायची. आमच्या घरी आलं. हरेश्वरच्या घरी तर रोज जायचं. हरेश्वर आमच्याच खात्यातला, तीन पोरं, आणि बायको आजारी. त्याची पोरं इसाबाईच्या पाटीवर वाढली म्हटलं तरी चालेल. हे लक्षात ठेवा.

संप संपला असं कुणी सांगितलंच नाही, नुसता विरून गेला. गिरणीने पास्कूला परत घेतलं नाही आणि तोही अर्ज करायला गेला नाही. सासुरवाडीच्या लोकांची जाळी शिवायला बसला. सुताची गाठ मारायला त्याला काय शिकवायचं? माहीमला, कधी कफ परेडच्या मच्छीमार नगरला, मिळेल तिथे जाऊन बसायचा. त्यातच म्हातारा झाला. छातीत कापसाची पूड बसलेली, ती काही बाहेर निघाली नाही. संपाला तीस वर्षं पुरी व्हायला सव्वा महिना राहिला होता तेव्हा गेला.

मरायच्या आदल्या दिवशी चर्चमधून फादर येऊन गेले. फादर विल्फ्रेड, वसईकडचे, चाळिशीतले, गोरेगोमटे. त्यांच्यात मरणाऱ्याला तेल लावतात, प्रार्थना करतात, आणि त्याला काही कबूल करायचं असेल तर फादर एकट्याने ऐकून घेतात. म्हणून आम्हा सगळ्यांना गॅलरीत काढलं आणि दार लावलं. हरेश्वरही तिथेच कठड्याला टेकून होता. थोड्या वेळाने फादर बाहेर आले, इसाबाईच्या डोक्यावर हात ठेवला आणि घाईत जिना उतरले. इसाबाई चहाचं विचारत होती तोवर खाली पोचलेसुद्धा.

ह्या फादरांचं नाव होतं बरं का. प्रवचन द्यावं तर त्यांनीच. दादरचे, माहीमचे लोक आपलं चर्च सोडून रविवारी इथे यायचे. मयताला तर ते असं बोलायचे की रडणारे रडायचे थांबायचे. आमच्या मागच्या चाळीतली रेजिनाबाई, तिचा एकुलता एक मुलगा डॉमनिक गेल्या वर्षी अपघातात गेला. त्याच्या मयताला फादर म्हणाले होते, 'तो खिडकीतला दिवा होता. स्वतःसाठी नाही, वाटेवरच्या माणसांसाठी जळला.' रेजिनाबाईने ती ओळ पाठ केली. भेटेल त्याला म्हणून दाखवायची. शेवटी शिवडीला त्याच्या कबरीवरच्या पाटीवर कोरून घेतली.

तर पास्कूचं मयत. गिरणीतले जेवढे जिवंत होते तेवढे आले. हातात काठ्या, कानात यंत्रं. मागची तीन बाकं आमचीच होती. पुढे इसाबाई, काळ्या साडीत, पाठ ताठ. फादर माईकसमोर उभे राहिले आणि बोलायला लागले. मी सवयीने ओठ बघत होतो, तेव्हा ऐकण्यात चूक झाली म्हणायची सोय नाही.

म्हणाले, "पास्कल एक विणकर होता. आयुष्यभर तो आपल्या मागावर बसून राहिला. वादळं आली, गावावर संकट आलं. शेजारचे माग एकेक करून बंद पडले, इतर विणकर उठून निघून गेले. पण पास्कल उठला नाही. एक दिवससुद्धा त्याने आपला माग सोडला नाही. देवाने दिलेलं काम हीच त्याची प्रार्थना होती."

बाहेरच्या माणसाला ह्यात काय वावगं ते कळणार नाही. छान वाटेल. पण गिरणगावात हे वाक्य म्हणजे काय आहे ठाऊक आहे? सगळे उठून गेले आणि हा साच्यावरून उठला नाही, म्हणजे हा संपफोड्या. आमच्यात ह्याहून घाण शिवी नाही. आईवरून दिलेली माणूस गिळतो, ही नाही गिळत. आणि ती शिवी त्या पास्कूला, पेटीत झोपलेल्या, ज्याने उपास काढले पण त्या गेटच्या आत पाय टाकला नाही! गोड आवाजात, अत्तर शिंपडावं तशी!  खरं सांगतो, तिथल्या तिथे ओकलो असतो.

आमच्या बाकांवर कुजबुज नव्हती. कुजबुज असती तर बरं होतं. म्हातारे एकमेकांकडे बघत होते, आणि ओठ हलत होते.

मिस्सेत शेवटाकडे एक वेळ येते. फादर सांगतात, एकमेकांना शांती द्या. मग जो तो आजूबाजूला वळून हात जोडतो, 'शांती असो' म्हणतो. आम्हाला नाताळामुळे हे माहीत होतं. इसाबाई वळली आणि मागच्या बाकांकडे बघून तिने हात जोडले. मी जोडले. आणखी दोघा-तिघांनी जोडले. हरेश्वरने दोन्ही हात खिशात घातले. तिने ते बघितलं.

बाहेर फुटपाथवर मी त्याला धरला. "काय रे, लाज वाटत नाही?"

"मला कसली लाज?" तो म्हणाला. "फादर काय आपल्या मनाने बोलला? त्यांच्यात सगळं फादरच्या कानात सांगतात. परवा दार लावून बसला होता ना? तेव्हा ओकला असणार पास्कू. आणि फादरने त्याचं कौतुक केलं. त्यांना काय, काम केलं म्हणजे चांगलंच!"

मी म्हटलं, "येड्या, अरे रोज गेटसमोर उभा असायचा तो. तू शेजारी असायचास!"

"तेच तर. रोज गेटसमोर कशाला उभा राहायचा? मोका बघत असणार. तू काय चोवीस तास त्याच्याबरोबर होतास?"

असं आहे बघा माणसाचं. जी गोष्ट त्याच्या इमानाची साक्ष होती, तीच फिरवून त्याच्या गळ्याला लावली. आणि चाळीत बातमी पसरायला काय लागतं? दोन दिवसांनी आमची बायको बकुळा नळावरून आली ती कळशी आपटूनच. म्हणाली, "पास्कूभाव आत जाय होतो म्हणान सांगतत सगळे. फादराक म्हायत असताला म्हणतत. माका तर किळस इली त्या बायांची. कालपर्यंत तिच्याकडचे बोंबील खाल्ल्यानी!"

बकुळाने किळस म्हटलं तो शब्द बरोबर होता. मला तर माणसांचीच किळस यायला लागली. इसाबाई गॅलरीत आली की बायका आपापल्या खोलीत. जिन्यात भेटलेला माणूस बुटाकडे बघतो. साठ वर्षांची वस्ती, आणि एका प्रवचनाने साफ.

आता फोटोचं सांगतो. दर अठरा जानेवारीला, संप सुरू झाला त्या दिवशी, आम्ही उरलेले लालबागला एका हॉलमध्ये जमतो. जे गेले त्यांचे फोटो मांडतो. पण सगळ्यांचे नाही, जे शेवटपर्यंत बाहेर राहिले त्यांचेच. हार घालतो, चहा पितो, रडतो, भांडतो, घरी येतो. आम्हाला पदकं-बिदकं कुणी दिली नाहीत, तेवढी एक भिंत आहे. ते सगळं हरेश्वर बघतो. इसाबाईने मयताच्या दुसऱ्याच दिवशी फोटो मोठा करायला टाकला होता. क्लॅरिनेट हातात घेतलेला, मिश्या फेंदारलेल्या. फ्रेम करून हरेश्वरकडे पोचवला. आठवड्याच्या आत तो तिच्या दाराशी परत आला. वर्तमानपत्रात गुंडाळून, भिंतीला टेकवून ठेवलेला. दार वाजवायचीसुद्धा हिंमत नव्हती भडव्यात.

इसाबाई रडली नाही. मला हाक मारली. "रघूभाऊ, चर्चमध्ये येता माझ्याबरोबर? फादरला विचारायचंय, त्याला हे कोणी सांगितलं."

आम्ही दुपारी गेलो. तिने फ्रेम तशीच वर्तमानपत्रासकट काखेत घेतली. ऑफिसात फादर एकटेच, समोर लॅपटॉप. आम्हाला बसवलं, पाणी मागवलं. मी सरळच विचारलं, "फादर, पास्कूबद्दल ते जे बोललात, एक दिवस माग सोडला नाही वगैरे, ते तुम्हाला कोणी सांगितलं?"

ते जरा हसले. "कोणी नाही, काका. का? आवडलं नाही?"

"कोणी नाही, मग आलं कुठून?"

त्यांनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला. चोरी पकडल्यासारखं नाही, उलट नवीन गाडी दाखवावी तसं. म्हणाले, ही डिजिटल लायब्ररी आहे. जी पुस्तकं बघायला पूर्वी परदेशी जावं लागायचं, ती सगळी ह्यात. त्या दिवसाचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलातला उतारा, घातला की त्यावर आजवर कोण काय बोललं ते समोर येतं. प्रवचनात सांगायच्या गोष्टीसुद्धा, विषयवार लावून ठेवलेल्या. लग्न, बाप्तिस्मा, मयत. मी मयत घातलं, चर्चच्या वहीत पास्कलचा धंदा विणकर लिहिला होता तो घातला, तर ही गोष्ट आली. आणि त्यांनी ती काढूनच दाखवली. इंग्रजीत होती, वाचून अर्थ सांगितला. कुठल्याशा थंड देशातला एक म्हातारा विणकर, हॅन्स का कोण. बर्फाचं वादळ येतं, लोक गाव सोडतात, हा मागावर बसून राहतो.

"मी बर्फ काढलं," फादर म्हणाले, "इथल्या लोकांना बर्फ काय कळणार."

बर्फ काढलं! आणि पास्कू घातला! शी! मला त्या क्षणी त्या गोऱ्या बोटांची, त्या चकचकीत टेबलाची, त्यावरच्या बिस्किटांच्या बशीची, सगळ्याची घाण वाटली. एका माणसाचं आख्खं आयुष्य, आणि त्याच्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी उतरलेला सदरा चढवून पाठवला वर.

"आता संप घाला," मी म्हटलं.

"काय?"

"तुमच्या त्या पेटीत. संप घाला. गिरणी घाला. बघू काय येतं."

बिचाऱ्यांनी घातलंही. इंग्रजीत गिरणी घातलं तर जात्याची तळी आली, पापी माणसाच्या गळ्यात बांधून समुद्रात टाकायची ती. संप घातला तर, इंग्रजीत संपाला आणि मारण्याला शब्द एकच म्हणे, मोशेने खडकावर काठी मारली आणि पाणी निघालं ती गोष्ट आली. फादर खाली खाली जात राहिले. मग थांबले. तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. साच्यावरून न उठणं म्हणजे काय, गेट म्हणजे काय, हरेश्वर काय म्हणाला, फोटो कसा परत आला. इसाबाईने वर्तमानपत्र सोडवलं आणि फ्रेम टेबलावर उभी केली. पास्कू क्लॅरिनेट घेऊन फादरकडे बघत बसला.

फादरचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. वाईट असता तर सोपं झालं असतं. "काका, मला खरंच माहीत नव्हतं," म्हणाले. "रविवारी तीन मिस्सा, शाळा, आजारी माणसं, आठवड्याला एक-दोन मयतं. प्रत्येक माणूस मला कुठून माहीत असणार?"

"विचारायचं की! चाळीत आला होतात. ही बाई चहा विचारत होती. तो चहा प्यायला असतात तर तेवढ्यात कळलं असतं. पेटीला मी नाव ठेवत नाही, पेटीला पास्कू कसा ठाऊक असणार? तुम्ही तर त्याच्या उशाशी बसला होतात!"

फादरने लॅपटॉप मिटला. मग मी म्हटलं, "बरं, झालं ते झालं. आता एवढंच सांगा लोकांना, की पास्कूने असलं काही तुमच्याजवळ कबूल केलेलं नाही. मिटलं."

फादरने मान हलवली. "ते मला सांगता येत नाही. कन्फेशनमध्ये माणूस काय बोलला ते सांगता येत नाही, आणि काय बोलला नाही तेही सांगता येत नाही. कुणालाच नाही. त्याच्या बायकोलाही नाही."

घ्या! तोंड उघडायचं तिथे बंद, आणि बंद ठेवायचं तिथे उघडं. मला हसावं का रडावं कळेना. पण इसाबाईला हे ठाऊक होतं. लहानपणापासूनचा धर्म तिचा. ती म्हणाली, "ते मी विचारतच नाही, फादर. ते तुमचं आणि त्यांचं. पण ही गोष्ट कुठून आणली, ते तर सांगू शकता ना? त्यांना जाऊन महिना होईल, त्या महिन्याची मिस्सा येतेय. गिरणीवाल्यांना मी घेऊन येते. तिथे उभं राहून सांगा, की ते माझ्या नवऱ्याबद्दल नव्हतं. कॉम्प्युटरमधून काढलं आणि नाव बदललं."

आता कुठे फादर घाबरले. कानशिलं लाल झाली. "बाई, मी त्या दिवशी चांगलं प्रवचन देईन. कामगारांच्या न्यायावर. ह्यातच खूप आहे, पोपसाहेबांची पत्रंसुद्धा आहेत. पास्कलचं नाव घेऊन सांगेन की तो लढला."

"मला दुसरं प्रवचन नको."

"लोकांचा विश्वास उडेल, बाई. फक्त माझ्यावरचा नाही."

"माझ्या नवऱ्यावरचा उडाला," इसाबाई म्हणाली, आणि तिने फ्रेम परत गुंडाळली.

त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. 'प्रार्थना करतो' म्हणाले. मी बाहेर येऊन तंबाखू थुंकलो.

हरेश्वरला मिस्सेला आणायला मला काय काय करावं लागलं ते विचारू नका. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी म्हटलं, "अरे, तुझी पोरं ज्या पाटीवर जगली ती बाई बोलावतेय. ये, ऐक, मग फोटोचं काय ते ठरव. नाही पटलं तर तो फोटो मी स्वतः समुद्रात टाकतो." तेव्हा आला. बाकीचे त्याच्या मागून आले. पुन्हा तीच मागची बाकं.

महिन्याच्या मिस्सेला चर्च एवढं भरत नाही, पण फादर विल्फ्रेडच्या प्रवचनाला भरायचं. शुभवर्तमान झालं. लोक बसले. फादरने कागद काढला. आणि सुरू झालं, द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट. दिवसभर बाजारात उभे असलेले मजूर, त्यांना कुणी कामावर लावलं नाही, आणि मालक संध्याकाळी कसा दयाळू झाला. तोच आवाज, तोच तूप लावलेला. मग म्हणाले, आमचा पास्कलही न्यायाच्या मळ्यातला मजूर होता. हरेश्वरने माझ्याकडे बघून तोंड वेंगाडलं. त्याचे ओठ मला वाचता आले. 'सारवासारव.'

आणि खरं सांगतो, तोच बरोबर होता. सारवासारवच होती ती. माझ्या अंगाची आग झाली. उठून जावं असं वाटलं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून इसाबाई उठली.  नुसती उभी राहिली. आता प्रवचनाला सगळे बसलेले असतात, त्यात एकटी बाई काळ्या साडीत उभी, फादरपासून चार हातांवर. फादरने एक वाक्य पुरं केलं. दुसरं अर्ध्यावर सोडलं. कागदाकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिने मान वर केलेली तशीच.

फादर माईकपासून बाजूला झाले आणि तिला हळूच काहीतरी म्हणाले. मी ओठ वाचले. 'बाई, माझं चुकलं' म्हणाले.

"माईकमध्ये, फादर," इसाबाई म्हणाली.

तो माणूस परत माईकसमोर आला. कागदाची घडी घातली. आणि ह्या वेळी आवाज गोड नव्हता. खरखरीत होता. "मागच्या महिन्यात मी इथे जे बोललो ते पास्कलबद्दल नव्हतं. मी मयताची प्रवचनं कॉम्प्युटरमधल्या लायब्ररीतून घेतो. ती गोष्ट दुसऱ्या देशातल्या एका विणकराची होती. मी नाव बदललं. पास्कल संपात होता हे मला माहीत नव्हतं. मी कुणाला विचारलं नाही. त्याच्या बायकोलाही नाही. ती गोष्ट मला पास्कलने सांगितलेली नाही, मला ती कुणीच सांगितलेली नाही. मी ती वाचली. एवढंच आहे."

असं वाकडंतिकडं बोलले. पण त्या माणसाचं पहिलं प्रवचन मी त्या दिवशी ऐकलं असं समजा.

मागच्या बाकांवर म्हातारे हलले. हरेश्वरने चष्मा काढला आणि सदऱ्याने पुसायला लागला, पुसतच राहिला. मला वाटलं, जिंकलो. इसाबाई खाली बसली. मी म्हटलं, चला, पास्कू, लागला तुझा फोटो भिंतीला.

आणि मधल्या बाकांतून एक बाई उठली. रेजिनाबाई. हातात जपमाळ तशीच गुंडाळलेली.

"फादर," ती म्हणाली, "मग माझ्या डॉमनिकबद्दल बोललात ते?"

ओरडून नाही विचारलं. दुकानात भाव विचारावा तसं विचारलं.  'मयताची प्रवचनं' म्हणाले होते फादर. एकाचं नव्हे. आता कुठे सगळ्यांच्या डोक्यात शिरलं. बाकाबाकांवर माणसं आपापलं मयत आठवायला लागली, कुणाची आई, कुणाचा नवरा.

"खिडकीतला दिवा म्हणालात," रेजिनाबाई म्हणाली. "आमच्या खोलीला खिडकीच नाही, फादर. मला वाटलं, तुम्हाला त्याच्यात काहीतरी दिसलं असेल."

फादरने घडी घातलेला कागद पुन्हा उघडला. ह्यावर त्या लायब्ररीत काही नसावं.

मिस्सा कशीबशी पुरी झाली. शांती द्यायची वेळ आली तेव्हा हरेश्वर बाकं ओलांडून पुढे गेला, इसाबाईसमोर उभा राहून हात जोडले आणि पोरासारखा रडला. तिने हात जोडले. जोडले म्हणजे रीत होती म्हणून जोडले, डोळे त्याच्याकडे नव्हते. ती रेजिनाबाईला शोधत होती. रेजिनाबाई निघून गेली होती.

अठरा जानेवारीला पास्कूचा फोटो लागला. हरेश्वरने हार सगळ्यांत मोठा आणला. नळावरच्या बाया इसाबाईला आपणहून पुढे करायला लागल्या, जसं काही झालंच नव्हतं. बकुळा त्यांच्याशी अजून बोलत नाही, आणि मी तिला बोल म्हणत नाही. फादरांची बदली झाली. कुठे ते मी विचारलं नाही.

पुढे एकदा इसाबाईबरोबर शिवडीला गेलो होतो, पास्कूवर फुलं ठेवायला. येताना ती डॉमनिकच्या पाटीपाशी थांबली. वर नाव होतं, तारखा होत्या. खाली जिथे ती ओळ होती तिथे सिमेंट लिंपलेलं होतं. गवंड्याचं काम नव्हतं ते, हाताने लिंपलेलं, बोटांचे ठसे उठलेले. इसाबाईने वाकून त्यावरची माती पदराने झटकली आणि चालायला लागली.

माझ्या तोंडात तंबाखू होती. थुंकायला जागा बघत मी गेटपर्यंत आलो.